सॅम्पल लिहितं, लॉट लिहीत नाही

पतसंस्था, कोचिंग क्लास, पॅथॉलॉजी लॅब, कृषी सेवा केंद्र, निवडणुकीला उभा राहणारा उमेदवार, तुम्ही कुणीही असा. नाव छापलेले पेन वाटायचा विचार असेल तर आधी हे वाचा आणि मगच ॲडव्हान्स पाठवा.

माझी सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी छपाईची प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, पावतीपुस्तकं आणि ऑगस्ट-सप्टेंबरात पतसंस्थांचे वार्षिक अहवाल. सहकार कायद्याप्रमाणे वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे सगळ्या संस्थांना एकदमच जाग येते. सभासदांना द्यायची भेटवस्तूही प्रेसवाल्यानंच बघायची, असा आता रिवाज पडलाय. एका संस्थेच्या चेअरमननी पेन ठरवले. नग ३,०००.

पेन ही भेट म्हणून वाईट कल्पना नाही. टॉवेल घरात जातो आणि संपतो. पेन खिशात फिरतो, बँकेच्या काउंटरवर कुणीतरी "जरा पेन द्या हो" म्हणून मागून घेतं आणि परत द्यायला विसरतं. जाहिरातीला तेच हवं असतं. जागा मात्र बोटभर. त्यात संस्थेचं नाव, गाव आणि फोन नंबर एवढंच बसवायचं. घोषवाक्य घालायला गेलात की रफार आणि अनुस्वार शाईत बुडालेच. (आर्टवर्क बाहेर पाठवताना अक्षरं कर्व्ह करून, म्हणजे फॉन्टऐवजी नुसते आकार करून पाठवा. जुन्या फॉन्टमधलं मराठी समोरच्याच्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी कचरा दिसतो, आणि तो कचरा तसाच छापून आलेला मी पाहिलाय.)

पुरवठादार इंटरनेटवरच्या यादीतून मिळाला. स्वतःला उत्पादक म्हणवत होता, पत्ता मुंबईच्या ठोक बाजारातला. भाव साडेसात रुपये, छपाईसह. लक्षात घ्या, हा भाव संशय येण्याइतका स्वस्त नव्हता. चार रुपये म्हणाला असता तर मी फोन ठेवला असता. बाजारात जो चालतो तोच भाव त्यानं सांगितला, वर थोडी घासाघीसही करू दिली. सॅम्पलचे पैसे आधी घेतले, "ऑर्डर में एडजस्ट हो जाएगा सर." कुरिअरनं दोन पेन आले. नखानं खरवडून बघितलं, छपाई हलली नाही. लिहून बघितलं, अक्षर लोण्यासारखं उतरत होतं. एक चेअरमनना दिला, एक टेबलाच्या खणात ठेवला. तो खणातला पेन पुढं फार उपयोगी पडला.

हिशेब असा: ३,००० नग, साडेसातनं २२,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ४,०५०, एकूण २६,५५०. अर्धे आधी, अर्धे माल निघण्यापूर्वी. मधल्या काळात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ आला. पॅड प्रिंटिंगचं मशीन चाललेलं, कोरलेल्या प्लेटवरची शाई सिलिकॉनचा मऊ गोळा उचलतोय आणि पेनाच्या अंगावर टेकवतोय, आणि पेनावर आमच्याच संस्थेचं नाव! छपाईच्या धंद्यातल्या माणसाला मशीन चाललेलं दिसलं की बरं वाटतं, हे त्याला पक्कं ठाऊक असावं. व्हिडिओत पेन किती होते? मोजले तर पंधरा-वीस. तेवढे व्हिडिओपुरते खरोखर नीट छापले होते.

उरलेले पैसे गेले आणि मग एलआरचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या मालपावतीचा फोटो आला. माल ट्रान्सपोर्टच्या गोडाउनला आला तो सभेच्या आदल्या संध्याकाळी. कार्टन फोडलं, वरच्या पाकिटांतले पेन काढून चालवले, सगळे फर्स्ट क्लास. टेम्पोत घालून मंगल कार्यालयात पोच केले.

सकाळी दारातच टेबल मांडलं होतं. सभासदानं यायचं, अहवाल आणि पेन घ्यायचा, त्याच पेनानं हजेरी रजिस्टरवर सही करायची. एक म्हातारे गृहस्थ, धोतर-टोपीवाले, सही करायला वाकले. पेन कागदावर नुसता ओढला गेला, कागदाला चर पडली, शाई नाही. झटकला, तळव्यावर घासला, पुन्हा ओढला. दुसरा दिला, तोही तसाच. मागं रांग लागली. तिसऱ्या पेनानं नाव लिहिलं आणि आडनावाशी येऊन मान टाकली. तेवढ्यात रांगेतनं कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "चेअरमन, पेनात शाई न्हाई, तिजोरीत तरी काय हाय का?"

सगळं कार्यालय हसलं. चेअरमन हसले नाहीत. पतसंस्थेला ठेवीदाराचा विश्वास हीच पुंजी; एखादी संस्था बुडाल्याची बातमी शेजारच्या तालुक्यातनं आली की काउंटरवर ठेवी मोडायला गर्दी होते. असल्या संस्थेच्या नावाचा पेन अर्ध्या सहीत बंद पडला तर तो जाहिरातच करतो, फक्त उलटी. आणि पेनावर पुरवठादाराचं नाव कुठंच नसतं, आपलंच असतं.

त्या रात्री प्रेसमध्ये टेबलावर पेन उघडून बसलो. इथं जरा बॉलपेनाचं काम कसं चालतं ते सांगतो, कारण लबाडी तिथंच आहे. टोकाला एक बारीक गोळी असते, बहुधा टंगस्टन कार्बाइडची, ०.७ किंवा १ मिलिमीटरची. ती पितळेच्या नाहीतर स्टीलच्या खोबणीत अडकवलेली असते, पण फिरायला मोकळी. कागदावर ओढलं की घर्षणानं गोळी फिरते, आतल्या बाजूनं शाई अंगावर घेते आणि बाहेर कागदावर ठेवते. शाई तेलकट आणि घट्ट. लास्लो बिरो या हंगेरियन पत्रकारानं १९३८ साली याचं पेटंट घेतलं. वर्तमानपत्राची शाई पटकन वाळते, मग तसल्या घट्ट शाईनं लिहिता का येऊ नये, इथून त्याचा विचार सुरू झाला अशी हकिकत सांगतात. आम्हा प्रेसवाल्यांना त्यामुळं हा पेन घरचाच वाटतो. नळीचं मागचं टोक उघडं असतं, शाई पुढं सरकेल तशी मागून हवा आत येते. गोळीवरची शाई वाळून बसली की गोळी फिरत नाही, मग चपलेच्या तळव्यावर घासा नाहीतर फुंका.

म्हणजे पेनाचा जीव रिफिलीत. बॅरल, क्लिप, बटन, छपाई हा सगळा पोशाख. आता खणातला सॅम्पल पेन आणि लॉटमधला पेन शेजारी शेजारी उघडले. सॅम्पलची रिफिल एका नामांकित कंपनीची, शाई पट्टीनं मोजली तर ९ सेंटिमीटर. लॉटमधल्या नळीत शाई कुठं ३ सेंटिमीटर, कुठं अडीच, कुठं मधे हवेचे फुगे. काही रिफिलींच्या टोकावर शाई वाळून काळी खपली धरलेली; जुना, पडून राहिलेला रिजेक्ट माल भरला होता. बॅरल पांढरं, अपारदर्शक, त्यामुळे बाहेरून काही कळायला मार्ग नाही. आणि सॅम्पलचं बॅरलही पांढरंच होतं, ते उगाच नव्हतं.

छपाईचंही तेच. सॅम्पलचं बॅरल एबीएस प्लास्टिकचं, त्यावर शाई धरते. लॉटचं पॉलिप्रॉपिलिनचं, या प्लास्टिकवर आधी ज्योत फिरवून किंवा प्रायमर लावून पृष्ठभाग तयार केला नाही तर सहसा शाई टिकत नाही. सेलोटेप चिकटवून ओढला, संस्थेचं अख्खं नाव टेपवर आलं. घामेजल्या खिशात ते आठवडाभरही राहिलं नसतं. कार्टन उलटं करून तळाकडून उघडलं तेव्हा कळलं, वरचे दोन थर सॅम्पलसारखे, खालचे सगळे हे असले.

फोन केला. आधी "सर, सीलन की वजह से", मग "ट्रान्सपोर्ट में गरमी लग गई", मग "फ्री में बांटने का ही तो है, कौन देखता है सर". हे शेवटचं वाक्य म्हणजे त्याच्या धंद्याचं सगळं गणित. फुकट मिळालेली वस्तू चालली नाही तर घेणारा तक्रार करत नाही, फेकून देतो. वाटणाऱ्याला कळतच नाही. आमच्याकडं दारातच सह्या करायच्या होत्या म्हणून उघडं पडलं. घरोघर वाटले असते तर हा माणूस पुढच्या वर्षी पुन्हा ऑर्डर घेऊन गेला असता. मग त्यानं नंबर ब्लॉक केला.

खरी गोम पुढच्या महिन्यात कळली. आमच्या करसल्लागारांनी १४ तारखेनंतर जीएसटीआर-२बी, म्हणजे विक्रेत्यांनी आपल्या नावावर दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी काढली तर त्यात हे बिल नाही. बिल पुन्हा नीट बघितलं. पत्ता मुंबईचा, कर ९ अधिक ९ असा राज्यातल्या राज्यात लावलेला, पण जीएसटी नंबरची सुरुवात ०७ नं. ०७ म्हणजे दिल्ली. महाराष्ट्राचा नंबर २७ नं सुरू होतो. दिल्लीचा विक्रेता आपल्याला माल देतो तर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीचा कर लागायला हवा. पैसे एका व्यक्तीच्या खात्यात घेतले होते, "प्रोप्रायटर का नाम है" म्हणून. पण जीएसटी नंबरात पॅन असतो, आणि या नंबरातलं सहावं अक्षर सी, म्हणजे तो पॅन कंपनीचा. एकट्या मालकाचा असता तर तिथं पी असतं. जीएसटीच्या पोर्टलवर लॉगिन न करताही कुणाचाही नंबर टाकून बघता येतो. टाकला. नोंदणी रद्द झालेली, आणि व्यवसाय तयार कपड्यांचा. कुणाचा तरी मेलेला नंबर उचलून बिलावर छापला होता. म्हणजे ४,०५० रुपये कराचे म्हणून घेतले तेही खिशात. माल ५० हजारांच्या आतला, त्यामुळे वाहतुकीसाठी पोर्टलवर काढायचं ई-वे बिल लागत नाही आणि वाटेत नंबर कुणी तपासत नाही. रिफिलीमागं दोन रुपये वाचवले तरी सहा हजार, अधिक हा कर. एका गिऱ्हाइकामागं दहा हजार. एवढ्यासाठी साताऱ्याहून कोण कोर्टात जातो?

पोलीस ठाण्यात पहिलं उत्तर अपेक्षित होतं तेच मिळालं: "माल तर मिळालाय ना? मग ही दिवाणी बाब." माल खराब निघाला एवढ्यावर अडून बसलात तर तिथंच अडकता. खोटा जीएसटी नंबर आणि खोटा पत्ता दाखवल्यावर मात्र साहेबांनी कागद हातात घेतला, कारण मग ती सरळ फसवणूक होते. सायबर हेल्पलाइन १९३० वरही तक्रार नोंदवली. पैसे गेल्या गेल्या फोन केला तर खातं गोठवण्याची शक्यता असते, उशिरा केला तर फक्त नोंद राहते. ग्राहक आयोगाचा रस्ता आम्हाला बंद, कारण पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला तो कायदा ग्राहकाची खरेदी मानत नाही. वकिलांनी मालविक्री कायदा दाखवला, १९३० सालचाच (हेल्पलाइनचा नंबर आणि कायद्याचं साल एकच, हा निव्वळ योगायोग). त्याच्या कलम १७ प्रमाणे नमुन्यावरून विक्री झाली असेल तर सगळा माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे आणि ताडून बघायला खरेदीदाराला वाजवी संधी मिळाली पाहिजे. कायदा आपल्या बाजूचा आहे. मात्र माल नाकारतोय हे वाजवी मुदतीत कळवावं लागतं, गप्प बसलात तर स्वीकारला असं धरलं जातं. मी त्याच रात्री व्हॉट्सॲपवर आणि ईमेलवर फोटोंसह कळवलं होतं, ते कामी येतंय. नोटीस गेली, पत्त्यावर कुणी नाही म्हणून परत आली. तक्रार अजून चालू आहे.

संस्थेला मी माझ्या खर्चानं पॉकेट कॅलेंडर छापून दिली. पेनांचे पैसे घेतले नाहीत.

आता पेनांची ऑर्डर देतो ती अशी. बिलावर आणि ऑर्डरवर नुसतं "प्रिंटेड बॉलपेन" चालत नाही. बॅरल कुठल्या प्लास्टिकचं, रिफिल कुणाची, गोळी किती मिलिमीटर, शाई किती सेंटिमीटर, छपाई कुठली आणि किती रंगांची, हे लिहून घेतो. तीन सॅम्पल मागवतो. एकावर दोघांच्या सह्या करून पाकिटात सील करतो, एक त्याच्याकडं जातो, एक मी मोडून बघतो, म्हणजे अक्षरशः मोडून. जीएसटी नंबर ॲडव्हान्सच्या आधी पोर्टलवर टाकतो. शेवटचा हप्ता माल तपासल्यावर, नाहीतर ऑर्डरच नाही. जो खरा ठोक व्यापारी आहे तो निदान थोडी रक्कम अडवून ठेवायला तयार होतो. कार्टन तळाकडून फोडतो. आणि सभेच्या आधी किमान पंधरवडा माल हातात हवा, कारण आदल्या संध्याकाळी आलेल्या मालाला "नको" म्हणायची सोय कुणालाच नसते, हे तो आपल्यापेक्षा चांगलं ओळखून असतो.

परवा कऱ्हाडच्या एका प्रेसवाल्या मित्राला नव्या नंबरवरून डायऱ्यांचं कोटेशन आलं. कंपनीचं नाव वेगळं, व्हिडिओतलं मशीन तेच, मागच्या भिंतीवरचा तडकलेला आरसाही तोच. डिसेंबरच्या डायऱ्या आणि कॅलेंडरांच्या ऑर्डरी सध्या निघताहेत. कोटेशन आलं की जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे आणि पत्त्यातलं राज्य जुळतंय का, एवढं तरी आधी बघा.