रिकॉलला गाडी दिली आणि हेड गॅस्केट गेलं (कारचं सर्व्हिस सेंटर, सोलापूर)

एक स्टार. तोही काउंटरवरच्या मुलीसाठी, कारण तिने मागितल्याबरोबर जॉबकार्डची (गाडीवर केलेल्या कामाच्या नोंदीची) प्रत काढून दिली. आज ती प्रतच माझ्या कामाला येतेय.

जुळे सोलापुरात माझा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती व्यवसाय आहे. माल पोचवायला ही एकच गाडी. एप्रिलमध्ये फोन आला, तुमच्या चासी नंबरला रिकॉल आहे, म्हणजे दोष निघाल्याने कंपनी गाडी दुरुस्तीला परत बोलावतेय, कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) होज, म्हणजे रबरी पाइप, बदलायचाय, पैसे लागणार नाहीत. सकाळी दहाला गाडी दिली, साडेअकराला धुऊनपुसून परत.

चौथ्या दिवशी सासूबाईंना घेऊन तुळजापूरला निघाले. तामलवाडीच्या अलीकडे एसीतून गरम हवा यायला लागली. इंजिनच्या तापमानाचा काटा मध्यावरच होता, म्हणून मी चालवत राहिले. थोड्याच वेळात बॉनेटमधून वाफ! कूलंट वाहून गेलं की सेन्सरभोवती नुसती हवा आणि वाफ उरते, मग काट्यावर भरवसा ठेवता येत नाही, हे मला नंतर कळलं. त्या उन्हात सासूबाई दीड तास रस्त्याकडेला बसल्या होत्या.

गाडी टो करून सेंटरला नेली, तर सुपरवायझर म्हणतात, "मॅडम, गरम झालेली गाडी तुम्ही चालवलीत. हे रिकॉलमध्ये येत नाही." एस्टिमेट ५८,४०० रुपये.

दुसऱ्या दिवशी आमच्या नेहमीच्या मेकॅनिकमामांना सोबत घेऊन गेले. त्यांनी सुटलेला होज हातात घेतला. "ताई, इथं बोट फिरवा." नव्या रबरावर क्लॅम्पचा वळ उठला होता, पण तिरका. एका बाजूला नीट आत, दुसऱ्या बाजूला पार काठावर. पाइपाच्या तोंडाला जो उंचवटा असतो, त्याच्या मागे क्लॅम्प बसायला हवा, तो उंचवट्यावरच चढवून आवळला होता. मग मामांनी ऑइलची टोपी उघडली. आतून सायीसारखा पांढरट, चिकट थर. ऑइलमध्ये पाणी गेलं होतं, म्हणजे इंजिनच्या हेडखालचं सील, हेड गॅस्केट, गेलं होतं.

जॉबकार्डवर होज १, क्लॅम्प २. कूलंटची नोंदच नाही. होज काढला की कूलंट सांडणारच, मग भरलं काय, नळाचं पाणी? सिस्टिममधली एअर काढली का? गाडी चालवून पाहिली का? एकाही प्रश्नाला उत्तर मिळालं नाही.

मला राग याचा आहे की रिकॉलचं काम फुकटचं म्हणून उरकलं गेलं. फुकट ते आमच्यासाठी असतं. दोष कंपनीच्या गाडीत निघाला, म्हणून तर तिने बोलावलं! २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात रिकॉलचं कलम ११०अ आलं, त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. असं काम सर्व्हिसिंगच्या गर्दीत दीड तासात कसंबसं आटपायचं नसतं.

चार चकरा मारल्यावर पार्ट फुकट मिळाले. हेडचं फेसिंग (त्याचा पृष्ठभाग घासून सपाट करणं) आणि मजुरी धरून १९,००० मात्र माझ्याकडून घेतले. बिलावर "हरकत नोंदवून रक्कम भरली" असं लिहूनच सही केली. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. तो होजही मागून घेतलाय.

इथे रिकॉलला गाडी दिली असेल तर इंजिन पूर्ण गार असताना कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. गाडी उभी असते तिथे खाली ओल दिसली तर चालवत नेऊ नका, टो करणारी गाडीच बोलवा.