डिशवॉशरचं दार लागेना: अकरा महिने वापरल्यानंतर

गेल्या दिवाळीच्या पाडव्याला आम्ही डिशवॉशर घेतला. आता अकरा महिने होतील. घरात सात माणसं, आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशींनी गुडघ्यांमुळे काम सोडलेलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला सांगायचंय ते दाराबद्दल, आणि ही अडचण कुठल्याही कंपनीच्या मशीनला येऊ शकते.

भांडी चांगली निघतात. ताटं, वाट्या, तांबे, काचेचे ग्लास, कटाची आमटी केलेलं तेलकट पातेलं, सगळं लख्ख होतं. भाकरीच्या परातीला वाळून बसलेलं ज्वारीचं पीठ मात्र आधी पाण्यानं सोडवावं लागतं. ॲल्युमिनियम काळं पडतं, लोखंडी तवा गंजतो, पोळपाट-लाटणं आत घालायचंच नाही. पाण्यातल्या क्षारांसाठी मशीनमध्ये मीठ घालावं लागतं. ते मीठ वेगळं, जाड मिळतं तेच वापरा. आमच्या बेळगावात हिडकल किंवा राकसकोप धरणाचं पाणी नळाला आलं की बरं असतं, पण उन्हाळ्यात आम्ही बोअरचं पाणी टाकीत चढवतो आणि ते जड, क्षारांचं आहे. एकदा मीठ संपलेलं लक्षात आलं नाही, तर आठवड्यात ग्लासांवर पांढरा थर आला.

आता दार.

आषाढात आमच्याकडे पावसाची झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. अशाच एका रात्री भांडी लावून दार ढकललं, तर नेहमीचा ‘टक’ आवाज आला नाही. हात काढला की दार दोन बोटं पुढे येऊन थांबायचं. बटण दाबलं की दिवे लागत होते, मशीन सुरू होत नव्हतं. हा बिघाड नव्हे, सुरक्षेची सोय आहे. दाराच्या खटक्याच्या आत एक छोटा स्विच असतो. वरचा आकडा खटक्यात पूर्ण बसला की तो दाबला जातो आणि मगच मशीन पाणी घेतं. नाहीतर सगळं पाणी बाहेर आलं असतं.

मी जोर लावून दार आपटलं. ते करू नका. सासूबाई मागून म्हणाल्या, “आपटू नको गं, आत काहीतरी अडत असेल बघ की.” खरंच अडत होतं. वरची जाळी एका बाजूनं रुळावर नीट बसली नव्हती आणि चमच्यांचा ट्रे बोटभर पुढे आला होता. खालच्या जाळीत जेवणाचं मोठं ताट आडवं लावलेलं, त्याची कड दाराला लागत होती. ते सगळं सारखं केलं आणि दार लागलं. मला वाटलं, संपलं.

दोन दिवसांनी पुन्हा तेच. या वेळी दोन्ही जाळ्या बाहेर काढून रिकाम्या मशीनचं दार लावून बघितलं. हे आधीच करायला हवं होतं, कारण भांडी अडतात की दारातच काही आहे हे यातून एका मिनिटात कळतं. रिकाम्या मशीनचंही दार लागलं नाही. मग प्लग काढून कडेचं रबर तपासलं. खालच्या कोपऱ्यात हळद, भाताची शितं आणि पांढरा क्षार मिळून चिकट गोळा झाला होता. ओल्या फडक्यानं पुसलं, रबर एके ठिकाणी खाचेतून निघालं होतं ते अंगठ्यानं दाबून बसवलं. खटक्यातही टॉर्च मारून बघितलं. दार उघडं असताना कधी कधी त्याचा जबडा मिटून राहतो आणि आकड्याला आत शिरायला जागाच उरत नाही. आमचा उघडाच होता.

मग सर्व्हिसला फोन केला. पाच दिवसांनी दुरुस्ती करणारा मुलगा आला. दार दोनदा लावून बघितलं आणि म्हणाला, “लॉक होग्यादरी अक्का, चेंज माडबेकु.” म्हणजे लॉक (दाराचा खटका) गेलंय, बदलावं लागेल. ते वॉरंटीत बसत नाही म्हणून 1,800 रुपये घेतले. नवीन लॉक चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी दार पुन्हा दोन बोटं पुढे.

याचा मला आजही राग आहे. त्यानं मशीन उभं कशावर आहे ते एकदाही वाकून बघितलं नाही.

ते बघितलं शेजारच्या काकांनी. त्यांनी उद्यमबागेतल्या कारखान्यात तीस वर्षं लेथवर काम केलंय. त्यांनी आमच्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून जाड पत्रिका घेतल्या आणि दाबून धरलेल्या दाराच्या वरच्या फटीत सरकवल्या. डाव्या बाजूला एक पत्रिका कशीबशी गेली. उजव्या बाजूला तीन एकत्र गेल्या. मग मशीनवर पाणसळ ठेवली, बुडबुडा एका टोकाला जाऊन बसला. काका म्हणाले, “लॉकला काय झालेलं नाही गं पोरी. मशीननं पीळ खाल्लाय. पेटी वाकडी झाल्यावर आकडा खटक्यात सरळ जातोय कुठला?”

आमचं मशीन मागच्या पडवीत आहे. पूर्वी तिथं धुणंभांडी व्हायची, म्हणून फरशीला मोरीकडे उतार दिलेला. आपल्याकडच्या जुन्या घरांत, मग ते शहापूर असो, निपाणी असो की खानापूर, मागची बाजू बहुतेक अशीच असते. मशीन बसवायला आलेल्या माणसानं पाय फिरवून उंची घेण्याऐवजी पुढच्या उजव्या पायाखाली प्लायचा तुकडा सरकवला होता. पावसाळ्यात तिथं ओल आली, प्लाय भिजून फुगला आणि मग वजनानं दबला. काकांनी तो ओढला तर हातात चुरा आला. तो कोपरा खाली बसला, पेटी तिरपी झाली आणि खटका आकड्याच्या बाजूला आदळायला लागला. नवीन लॉकही त्याच वाकड्या पेटीत बसवलं होतं, ते तरी किती दिवस टिकणार?

प्लायच्या जागी ग्रॅनाइटचा सपाट तुकडा ठेवला. पान्यानं चारही पाय फिरवून बुडबुडा मधोमध आणला, आडवा आणि उभा, दोन्हीकडून. मशीनचे समोरासमोरचे कोपरे दाबून ते डुगडुगत नाही ना, हेही बघितलं. पुन्हा पत्रिका सरकवली, दोन्हीकडे सारखी गेली. एका बोटानं दार ढकललं आणि ‘टक’. सगळं मिळून चाळीस मिनिटं लागली.

तुमच्या मशीनचं दार लागत नसेल तर लॉकचे पैसे देण्याआधी मशीन रिकामं करा, रबर पुसा आणि पायांखाली काय आहे ते बघा. नवीन मशीन बसवून घेत असाल तर तो माणूस घरात असतानाच त्याच्यासमोर पाणसळ ठेवा. वॉरंटी असताना दाराचे स्क्रू मात्र स्वतः खोलू नका.

गौरी जेवणाच्या दिवशी पंचवीस पानं झाली. मशीन तीन वेळा लावलं, तिन्ही वेळा दार पहिल्या ढकलीत लागलं. पितळेची समई आणि तांब्याचा कलश सासूबाईंनी चिंच लावून हातानंच घासला.