तर्री-आलूबोंडा की गाडीवरचा बर्गर?

तालुक्याच्या बसस्टँडवर आता दोन्ही गाड्या शेजारीशेजारी लागतात. बर्गरचा जीव पावात. कापलेली बाजू तव्यावर लोण्यात मिनिटभर लाल केली नाही, तर सॉस शोषून पावाचा लगदा होतो. टिक्कीत ब्रेडचा चुरा कमी पडला की ती तेलातच फुटते. आणि मे महिन्याच्या उन्हात मेयोनीजची बरणी उघडी दिसली, तर सरळ पुढे चला!

आलूबोंडा त्या मानाने बिनघोर: सांभार, म्हणजे कोथिंबीर, घातलेला आलू, बेसनाचं पातळ कवच, वर काळ्या चण्याची उकळती तर्री. सोडा जास्त झाला की मात्र बोंडा तेल पितो. तर्रीखाली शिळाही खपून जातो, म्हणून कढईतून निघतानाच मागा. पार्सलला बर्गर बरा. बोंडा तिथेच, उभ्याउभ्या.