शातो कांतमेर्ल २०१० : आत्ता उघडायची की अजून ठेवायची?

आधीच सांगून टाकतो, वाइन अप्रतिम आहे, पण ज्यांच्याकडे ती नीट ठेवायची सोय नाही त्यांनी "अजून दहा वर्षं ठेवू" या भानगडीत पडू नये, आणि इंदूरात राहणाऱ्यांनी तर मुळीच नाही.

ही फ्रान्समधल्या बोर्दोची रेड, ओ-मेडॉक भागातली, १८५५ च्या वर्गवारीत (बोर्दोच्या नामवंत शातोंची, म्हणजे वाइन बनवणाऱ्या मळ्यांची, पाच श्रेणींची अधिकृत यादी) पाचव्या श्रेणीत असलेली. गंमत म्हणजे यादीत हे नाव आधी नव्हतंच, मालकीणबाईंनी पाठपुरावा केला आणि मग शेवटी हाताने लिहून जोडलं गेलं. मुख्य द्राक्ष काबर्ने सोव्हिन्यों, जोडीला मेर्लो आणि थोडी बाकीची. दाजी लियोंला असतात, ते येताना दोन बाटल्या घेऊन आले (माणशी दोन लिटरची सूट असते, त्यात बसतात), तिकडे पन्नास युरोच्या आत मिळाली म्हणाले. शातो लाफीत किंवा शातो लातूर या पहिल्या श्रेणीतल्या वाइन्सच्या किमती बघितल्या की हे फारच बरं वाटतं.

आता चव. रंग अजून गडद लाल, फक्त ग्लास तिरका धरला की कडेला जरासा विटकरी. उघडल्या उघडल्या काहीच बोलत नाही ही वाइन, नुसतं कोरडं तोंड आणि थोडा लाकडाचा वास, तेवढ्यावर मत बनवू नका. डिकँटरमध्ये (वाइनला हवा लागावी म्हणून असतं ते पसरट काचेचं भांडं) काढून दीडेक तास राहू दिली आणि मग जे सुरू झालं ते जेवण संपेपर्यंत थांबलं नाही, आधी काळी द्राक्षं आणि बेरी, मग देवदार, मग तंबाखूची पानं, आणि अगदी शेवटच्या घोटात ओल्या मातीचा आणि चामड्याचा वास. टॅनिन, म्हणजे तोंड कोरडं करणारा तुरट घटक, अजून जाणवतं, हिरड्यांना धरतं, पण टोचत नाही. आणि आंबटपणा आहे म्हणून तर जड होत नाही, पुढचा घोट घ्यावासाच वाटतो. २०१० साली बोर्दोत उन्हाळा कोरडा होता आणि रात्री गार, त्यामुळे टॅनिन आणि आम्ल दोन्ही भरपूर आलं, म्हणून त्या सालच्या चांगल्या वाइन्स लांब पल्ल्याच्या आहेत. याउलट २०१३ ला थंडी-पावसाने पीक अर्धवट पिकलं, त्या सालच्या बाटल्या साठवायच्या नादी लागू नका, केव्हाच पिऊन टाकायच्या होत्या.

आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं की जुनी म्हणजे कडक, जास्त चढणारी. तसं काहीच नसतं, बाटलीत अल्कोहोल वाढत नाही. होतं काय, की द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन आणि रंगद्रव्य हळूहळू एकमेकांना जोडत जातात, मोठे रेणू होतात आणि शेवटी तळाशी गाळ होऊन बसतात, म्हणून रंग फिका होतो आणि तोंडातला तुरटपणा मऊ होतो. ताज्या फळाचा वास मागे जातो आणि बाकीचे वास पुढे येतात. पण सगळ्याच रेड अशा मुरत नाहीत हां, फ्रान्समधल्याही बहुतेक वाइन्स चार-पाच वर्षांत प्यायसाठीच केलेल्या असतात, बोजोले नूव्हो ही ताजी रेड तर नोव्हेंबरात येते आणि लगेच प्यायची असते.

साठवण हा खरा मुद्दा. १२ ते १४ अंश, अंधार, बाटली आडवी म्हणजे कॉर्क ओला राहतो, आणि तापमान वर-खाली नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या पार जातो, दिवसा एसी आणि रात्री बंद असं चाललं तर दोन उन्हाळ्यांत वाइनमधली फळाची चव मरते, शिजवलेल्या मनुक्यांसारखी चव येते. शहरातल्याच एका दुकानातून घेतलेली दुसरी एक फ्रेंच बाटली अशीच निघाली होती, तिथे सगळ्या महागड्या बाटल्या उभ्या, वर झगझगीत लाइट, आणि कॉर्क सुकलेला आणि तोंडावरची टोपी वर आलेली. घेताना टोपी बोटाने चाचपून बघत जा, आणि गळती दिसली तर सरळ परत ठेवा.

वाढताना १६-१८ अंश हवी, म्हणजे उन्हाळ्यात फ्रीजमध्ये अर्धा तास तरी ठेवायलाच लागते. आदल्या दिवशीपासून बाटली उभी करून ठेवा, गाळ खाली बसतो, आणि ओतताना शेवटचा दोन बोटं भाग राहू द्या. कॉर्क बराच जुना आहे, ओढाताण केली तर तुटतो.

जेवणाचं म्हणाल तर आईने मटण सुकं केलं होतं, मिरं आणि खडा मसाला, मिरची जवळजवळ नाहीच. चरबी आणि प्रथिनांनी टॅनिन एकदम गुळगुळीत लागतं. झणझणीत रस्सा ठेवला तर तिखट आणि टॅनिन एकमेकांना चढवतात आणि दोन्हीची मजा जाते. पनीर किंवा सेव-नमकीनबरोबर तर अजिबात नको, त्याला पिनो न्वार द्राक्षाची हलकी रेड बघा.

दुसरी बाटली वाइन कूलरमध्ये आहे, ती अजून पाच-सहा वर्षं तरी हलवणार नाही, माझ्या मते ही तेव्हा जास्त खुलेल. कूलर नसेल तर याच थंडीत उघडा, डिसेंबर-जानेवारीत, आणि दीड तास आधी डिकँटरमध्ये काढायला विसरू नका.