नळीवरचे नाव आणि पावतीवरचे नाव

गेल्या वर्षी मी तीन लाख चाळीस हजार रुपये मोजून एक जुने रिव्हॉल्व्हर विकत घेतले, आणि ज्या नावावर ते मला विकले गेले ते नाव ना त्या वस्तूचे होते, ना पावतीवर लिहिलेले होते. परवाना कायदेशीर होता, व्यवहार दुकानातून झाला आणि पोलीस ठाण्यात नोंदही झाली. तरीही मी फसलो. हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आमच्या भागातील आणखी दोघा परवानाधारकांना, मला आला होता तशाच पद्धतीचे, जुने विलायती हत्यार विकण्याचे फोन येऊन गेल्याचे मला कळले आहे.

शिंदखेडा तालुक्यात आमचे कापूस खरेदीचे आणि जिनिंगचे काम आहे. दिवाळीपासून होळीपर्यंतच्या हंगामात पेढीवर रोकड असते आणि दोंडाईच्याहून रात्री उशिरा परतावे लागते, म्हणून स्वसंरक्षणासाठी मी परवाना मागितला आणि दीड वर्षाच्या चौकशीनंतर तो मिळाला. वडिलांची बारा बोअरची दुनळी बंदूक वारसाहक्काने आधीच माझ्या नावावर होती. ही दुनळी लक्षात ठेवावी, कारण पुढे मी अडकलो तो तिच्यामुळेही.

आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला .३८ किंवा ९ मिलिमीटरचे हत्यार घेता येत नाही, कारण ते बोअर, म्हणजे नळीच्या आतील व्यासाची ती मापे, निषिद्ध वर्गात मोडतात. त्यामुळे रिव्हॉल्व्हर घ्यायचे म्हटले की बहुतेकांची निवड .३२ वर येऊन थांबते, आणि पुढचा प्रश्न एवढाच उरतो की नवे देशी घ्यावे की जुने विदेशी. नव्यात कानपूरच्या सरकारी कारखान्याची हत्यारे आहेत. तिथले मूळ .३२ रिव्हॉल्व्हर वेब्ली या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या मार्क चार या नमुन्यावर बेतलेले असून काडतुसे भरण्यासाठी ते मधोमध दुमडून उघडावे लागते. २०१४ साली ‘निर्भीक’ आले, जे टायटॅनियमच्या मिश्रधातूमुळे जेमतेम अर्धा किलो भरते आणि ज्याची किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या ‘प्रबल’चा सिलिंडर, म्हणजे काडतुसे बसणारा फिरता भाग, बाजूला उघडतो, त्याची नळी ७६ मिलिमीटरची आणि वजन सुमारे ७०० ग्रॅम आहे. नव्या वस्तूचा कागद स्वच्छ असतो, सुटे भाग मिळतात आणि बिघाड झाल्यास दाद मागायला जागा असते. हे सगळे मला ठाऊक होते, तरीही मी त्याला नाक मुरडले, कारण ज्यांच्या ओसरीवर बसून मी लहानाचा मोठा झालो त्या मंडळींच्या तोंडी ‘विलायती’ या एका शब्दापुढे बाकी साऱ्याला किंमत नव्हती.

त्या शब्दाला बाजारातही किंमत आहे, आणि तिचे कारण वस्तूच्या गुणात जेवढे आहे त्याहून अधिक तिच्या टंचाईत आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी विदेशी हत्यारांची आयात जवळपास बंद झाली, त्यामुळे त्याआधी देशात आलेली रिव्हॉल्व्हरेच आजही एका परवान्यावरून दुसऱ्या परवान्यावर फिरत आहेत. नीट जपलेले बर्मिंगहॅमचे वेब्ली किंवा अमेरिकेतील स्प्रिंगफील्डचे स्मिथ अँड वेसन हातात घेतले तर त्याचा चाप लोण्यासारखा मागे येतो, हे मी नाकारणार नाही. मात्र पन्नास, सत्तर, शंभर वर्षे जुन्या यंत्राचे जे व्हायचे ते त्याचेही झालेले असते, आणि झीज लपवून दर टंचाईचा लावणे हाच या धंद्यातला डाव आहे.

मला फोन आला तो एका मध्यस्थाचा. बोलणे अत्यंत अदबीचे, प्रत्येक वाक्यात ‘साहेब’. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरचे ‘असली अमेरिकन स्मिथ अँड वेसन’ विक्रीस आहे, मुलगा परदेशी असल्याने घरच्यांना ते ठेवायचे नाही, असे त्याने सांगितले. मोबाइलवर चार छायाचित्रे आली. त्यांपैकी एकात नळीच्या वरच्या पट्टीवर कोरलेली ‘स्मिथ अँड वेसन’ ही रोमन अक्षरे ठसठशीत दिसत होती, मात्र त्याच ओळीचा डावीकडचा भाग अंगठ्याखाली झाकला गेला होता. तो अंगठा मला तेव्हा दिसला, पण खटकला नाही.

इसार म्हणून पन्नास हजार पाठवून मी त्याने सांगितलेल्या शहरातल्या दुकानात गेलो. वस्तू काळीशार, चकचकीत, तेलाने माखलेली होती. मी चाप ओढून पाहू लागताच मध्यस्थाने हात धरला आणि म्हणाला, “साहेब, जुनी चीज आहे, रिकामा चाप ओढू नका, पिन तुटली तर ती मिळायची नाही.” या बोलण्यात थोडे तथ्य आहे, जुन्या हत्याराची काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी पिन रिकाम्या ठोक्याने खरोखर तुटू शकते, आणि म्हणूनच ते मला पटले. वास्तविक वापरलेली जुनी काडतुसे खोळात, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या पोकळीत घालून, किंवा घोडा (चाप ओढल्यावर पुढे आपटणारा मागचा भाग) अंगठ्याने धरून सावकाश मागे नेत आणि तसाच पुढे सोडत, एकही ठोका न पाडता तपासणी करता येते. मी दुकानात होतो तेवढ्या वेळात ती तपासणी होऊ नये, एवढ्यासाठीच तो हात पुढे आला होता.

त्यानंतर कायद्याचा भाग आला, आणि त्याचाही उपयोग माझ्यावर दडपण आणण्यासाठी झाला. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ प्रमाणे खाजगी मालकाला आपले हत्यार विकायचे असेल तर खरेदीदाराच्या नाव-पत्त्यासह जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते आणि त्यानंतर किमान ४५ दिवस जावे लागतात. ही मुदत खरेदीदारालाही विचार करायला मिळावी अशीच आहे. मला मात्र सांगण्यात आले की आज पूर्ण रक्कम दिली तरच माझ्या नावाने अर्ज जाईल, अन्यथा दुसरे गिऱ्हाईक तयार आहे. शिवाय मालकाला हिशेबात मोठी रक्कम दाखवायची नसल्याने पावती साठ हजारांची होईल, असेही सांगण्यात आले. मी मान डोलावली. हा दोष पूर्णपणे माझा आहे, आणि दोन लाख ऐंशी हजार रुपये मी त्या मान डोलावण्यात घालवले असे म्हणण्यास हरकत नाही. पावतीवर लिहिले होते, ‘विदेशी बनावटीचे .३२ रिव्हॉल्व्हर, जुने, आहे त्या स्थितीत’, आणि त्याखाली क्रमांक. बनावट कोणाची, हे कुठेही नव्हते.

मुदत संपली, नोंद झाली, रिव्हॉल्व्हर घरी आले. मान्यताप्राप्त रेंजवर पहिल्यांदा बार काढले तेव्हा तिसऱ्या बाराला शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांच्या मनगटावर शिशाची बारीक कीस उडाली. सहांपैकी दोन काडतुसे फुटलीच नाहीत. रेंजवरच्या माणसाने तिथेच हत्यार रिकामे करून माझ्या हाती दिले आणि तपासून घेतल्याशिवाय पुन्हा वापरू नका, असे बजावले.

आमचे दाजी वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांचे आयुष्य काडतुसांत गेले, हत्यारांत नव्हे, पण काडतुसाकडे पाहून हत्याराची प्रकृती ओळखण्याइतकी नजर त्यांना आहे. न फुटलेल्या काडतुसांच्या बुडावर पिनेचा ठसा मध्यावर नव्हता, एका बाजूला सरकलेला होता. त्यांनी मला आमच्या जिनिंगच्या फिटरकडून फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, आणायला लावले आणि सिलिंडर व नळी यांच्यामधली फट मोजली. ती पाव मिलिमीटरच्या आत असायला हवी, इथे त्याच्या जवळजवळ दुप्पट पाते आत शिरत होते. मग त्यांनी घोडा सावकाश मागे ओढला, आणि घोडा शेवटच्या खाचेत बसला तरी सिलिंडर जागेवर अडकला नव्हता, बोटाने किंचित ढकलल्यावर अडकला. याचा अर्थ गोळी निघताना तिच्या खोळाचे तोंड आणि नळीचे तोंड एका रेषेत येत नव्हते, आणि बाजूला उडत होती ती त्या काठावर खरवडलेल्या गोळीची कीस. दाजींनी चष्मा काढला आणि एवढेच म्हणाले, “नाना, बैल लेतांना दात दखतस ना? मंग आठे कसाले नही दखं?” म्हणजे, बैल घेताना दात पाहतोस ना, मग इथे का नाही पाहिलेस?

त्यानंतर भिंग घेऊन आम्ही नळीवरची संपूर्ण ओळ वाचली. अंगठ्याखालच्या भागात इंग्रजीत ‘काडतुसांसाठी’ अशा अर्थाचे, पुढच्या शब्दांपेक्षा पुष्कळ बारीक अक्षर होते. .३२ स्मिथ अँड वेसन लाँग हे १८९६ सालापासून चालत आलेल्या एका काडतुसाचे नाव आहे, आणि जे हत्यार ते काडतूस डागते त्याच्यावर, ते कोणीही बनवलेले असो, ते नाव कोरता येते. कानपूरचे रिव्हॉल्व्हरही हेच काडतूस वापरते. स्पेनच्या बास्क प्रांतातील एइबार या गावी पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकन रिव्हॉल्व्हरांच्या नकला मोठ्या प्रमाणावर तयार होत आणि त्यांवर हीच युक्ती सर्रास असे: काडतुसाचे नाव मोठे, बाकी शब्द बारीक. एइबारचा सगळाच माल टाकाऊ होता असे नाही, १९१५ मध्ये ब्रिटिश सैन्यानेही तिथल्या काही कारखान्यांकडून .४५५ ची रिव्हॉल्व्हरे घेतली होती. परंतु स्वस्त नकलांत आतले भाग मऊ पोलादाचे असत आणि ते लवकर झिजत. खऱ्या स्मिथ अँड वेसनच्या सांगाड्यावरील यंत्राचे झाकण उजव्या बाजूला असते, माझ्या वस्तूचे डाव्या बाजूला होते. खऱ्या जुन्या नगावर मुठीच्या तळाशी असलेला क्रमांक सिलिंडरच्या मागच्या तोंडावर आणि नळीच्या खालच्या अंगालाही सापडतो, इथे मुठीखेरीज कुठेच काही नव्हते. ज्या चकाकीवर मी भाळलो होतो ती नव्याने चढवलेली होती, कारण अक्षरांच्या कडा घासून गोलावल्या होत्या आणि स्क्रूच्या खाचा पाना घसरून फाकल्या होत्या. शंभर वर्षांचे हत्यार नव्यासारखे काळे दिसते तेव्हा ते जपले गेले असे समजण्याआधी ते का रंगवले गेले असावे, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

वस्तू अस्सल निघाली असती तरी एक गोष्ट विचारात घेण्यासारखी होती, ती मला कोणी सांगितली नव्हती. जुन्या रिव्हॉल्व्हरांत हत्यार खाली पडले तर घोड्यावर आघात होऊन बार निघण्याचा धोका पुष्कळ अधिक असतो. १९४४ मध्ये अमेरिकी नौदलाच्या जहाजावर असेच एक रिव्हॉल्व्हर डेकवर पडून एक खलाशी मेला, आणि त्यानंतर स्मिथ अँड वेसनने घोडा अडवणाऱ्या पट्टीची रचनाच बदलली. म्हणून त्याआधीचे अस्सल हत्यारही जाणकार मंडळी घोड्याखालची खोळ रिकामी ठेवूनच बाळगतात. म्हणजे विलायती नावासाठी तिप्पट पैसे देऊन हाती येतात पाच गोळ्या. रात्रीच्या रस्त्यावर कामाला यावे म्हणून घेणाऱ्याने हा हिशेब आधी करावा. कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवायचे असेल तर गोष्ट वेगळी.

पैसे परत मिळवण्याचा प्रयत्न मी केला. मध्यस्थाचा क्रमांक आठवडाभरात बंद झाला. दुकानदाराने शांतपणे पावती पुढे ठेवली: विदेशी म्हटले होते, स्पेन विदेशच आहे, जुने म्हटले होते, जुने आहे, आहे त्या स्थितीत म्हटले होते. वकिलांनी सांगितले की दावा करता येईल, पण तो साठ हजारांचा, आणि उरलेल्या रकमेविषयी बोलायचे तर ती रोखीने का दिली हे आधी मलाच सांगावे लागेल. छायाचित्रांसोबतच्या संदेशांत ‘असली’ हा शब्द मिळेल म्हणून मी ते पुन्हा चाळले. मध्यस्थाने तो शब्द नेहमी फोनवर उच्चारला होता, लिहिला एकदाही नव्हता.

आता दुनळीचा मुद्दा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारे बाळगता येतात. माझी दोन पूर्ण आहेत: वडिलांची दुनळी, जी मी देणार नाही, आणि हे रिव्हॉल्व्हर, जे वापरता येत नाही. हे विकल्याशिवाय नवे ‘प्रबल’ घेता येत नाही, म्हणून यंदाचा हंगामही मी मुनीमजींना सोबत घेऊन, उजेड असतानाच परतण्याच्या बेताने काढतो आहे. रिव्हॉल्व्हर मी दुसऱ्या एका परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून ठेवले आहे. त्याने खरे वर्णन लिहून पंचवीस हजारांचा अंदाज दिला, तोही संग्रहाची हौस असलेला कोणी भेटला तर.

विक्रीची गोष्ट कानोकानी गेल्यावर पंधरा दिवसांपूर्वी एका अनोळखी क्रमांकावरून फोन आला. आवाज वेगळा होता, अदब तीच. वस्तूची छायाचित्रे मागवून घेतल्यानंतर तो गृहस्थ म्हणाला, “साहेब, स्पॅनिश कशाला सांगता? नळीवर नाव आहेच की. अंगठा थोडा पुढे धरून परत एक फोटो पाठवा, तीन लाखांचे गिऱ्हाईक माझ्याकडे बसले आहे.” मी तो क्रमांक टिपून ठेवला आणि संभाषणाची माहिती लेखी पोलीस ठाण्यात दिली. रिव्हॉल्व्हर अद्याप विक्रेत्याच्या कपाटात आहे, आणि त्याला बांधलेल्या चिठ्ठीवर मी माझ्या हाताने ‘एइबार, स्पेन’ असे लिहिले आहे.