डोमेन प्रायव्हसी सर्व्हिस: घ्याच, पण एकदा ऑन केली म्हणून निर्धास्त राहू नका

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, घेतलं रे घेतलं की "वेबसाइट बनवून देऊ का", "एसईओ करून देऊ का" असे फोन सुरू होतात ना, त्यातले बरेचसे नंबर हूइजमधून, म्हणजे डोमेन कुणाच्या नावावर आहे ते दाखवणाऱ्या सार्वजनिक नोंदीतून, उचललेले असायचे. वर्षानुवर्षं पद्धतच अशी होती की ज्याच्या नावावर डोमेन त्याचं नाव, पत्ता, फोन, ईमेल सगळं उघडं, कुणीही लुकअप करा आणि वाचा. मोठ्या कंपनीला त्याने काही फरक पडत नाही, पण कुणी स्वतःच्या आजारपणाबद्दल लिहितंय, कुणी बाई त्रास देणाऱ्या नवऱ्यापासून लांब राहून नवीन काम सुरू करतीये, त्यांचा राहता पत्ता जगाला कशाला पाहिजे? मला हे कधीच पटलं नाही.

मे २०१८ मध्ये युरोपात जीडीपीआर हा खाजगी माहिती जपण्याचा कायदा लागू झाला, डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन संस्थेने त्याच वेळी नियम बदलले आणि डॉट कॉमसारख्या डोमेनच्या रेकॉर्डमध्ये "रिडॅक्टेड फॉर प्रायव्हसी" (गोपनीयतेसाठी झाकलेलं) दिसायला लागलं. मग माहिती झाकणारी वेगळी प्रायव्हसी सर्व्हिस कशाला? तर युरोपबाहेरच्या माणसाची माहिती झाकायची की नाही हे बऱ्यापैकी रजिस्ट्रारवर, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीवर असतं, आणि झाकली तरी राज्य आणि देश दिसतातच.

मी सध्या वापरतोय ती सर्व्हिस डोमेनसोबत फुकट मिळते आणि पहिल्यापासून ऑन असते, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. लुकअप केलं की नावाच्या जागी प्रायव्हसी कंपनीचं नाव, पत्ता त्यांचा, आणि ईमेलच्या जागी कसलीतरी अगम्य अक्षरं असलेला पत्ता. त्या पत्त्यावर दुसऱ्या अकाउंटवरून मेल टाकून बघितला, लगेच माझ्या इनबॉक्सला आला. हे तपासाच, कारण फॉरवर्डिंग बंद असेल तर कुणी खरंच कामासाठी किंवा कायदेशीर नोटीस म्हणून मेल केला तरी तुम्हाला पत्ताच लागणार नाही.

आधीच्या रजिस्ट्रारकडे मात्र वाईट अनुभव आला. तिथे प्रायव्हसी हे वेगळं पेड अॅड-ऑन होतं, डोमेन ऑटो-रिन्यू झालं पण अॅड-ऑन झालं नाही, एक साधा मेलसुद्धा पाठवला नाही त्यांनी आणि माझा मोबाइल नंबर उघड्यावर. परत ऑन केलं तरी उपयोग अर्धाच, कारण जुने हूइज रेकॉर्ड साठवून विकणाऱ्या साइट्स आहेत आणि तिथे एकदा गेलेलं परत निघत नाही. म्हणून प्रायव्हसी पहिल्या दिवसापासून पाहिजे, नंतर लावून भागत नाही. डोमेन ट्रान्सफर करतानाही हेच, जुन्याची प्रायव्हसी जुन्याकडेच राहते, नवीनकडे ऑन आहे का ते लगेच बघा. जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमवगैरेंना हूइज चालू ठेवायची सक्ती उरली नाही, त्याजागी आरडॅप ही नवीन पद्धत आलीये, आयकॅनच्या लुकअप पेजवर नाव टाकलं की तेच रेकॉर्ड दिसतं.

काही जण म्हणतात खोटा पत्ता टाकायचा की झालं, सर्व्हिस कशाला. अजिबात करू नका. माहिती खोटी निघाली तर डोमेन सस्पेंड होऊ शकतं, आणि ईमेल व्हेरिफिकेशनची लिंक १५ दिवसांत क्लिक केली नाही तरी तेच. रजिस्ट्रारकडे माहिती खरीच द्यायची, फक्त ती जगाला दिसता कामा नये, एवढंच आपलं म्हणणं.

अजून एक, अटी वाचा. काही सर्व्हिसेस प्रॉक्सी असतात, म्हणजे रेकॉर्डवर डोमेनधारक तीच कंपनी असते आणि तुम्ही फक्त वापरणारे. कोर्टाचा आदेश किंवा ट्रेडमार्कची तक्रार आली तर माहिती देणारच, ते योग्यही आहे, पण नुसत्या कुणाच्या मेलवर देतात का, आणि देण्याआधी तुम्हाला कळवतात का हे लिहिलेलं असायला हवं. माझ्या सर्व्हिसच्या अटींमध्ये पहिल्याचं उत्तर स्पष्ट "नाही" आहे, दुसऱ्याबद्दल "शक्य असल्यास" एवढंच लिहिलंय, त्याचा एक स्टार कापला, चार दिले.