भाऊबंदकीचा वाद : दावा चालवायचा की मध्यस्थीला बसायचं?

सामाईक विहिरीवरून माझा आणि धाकट्या चुलतभावाचा दावा तालुक्याच्या कोर्टात चार वर्षं चालला आणि शेवटी मध्यस्थीत मिटला. ज्यांचं असंच अडलंय त्यांच्यासाठी लिहितोय.

समोरचा जमीन विकायला निघाला असेल, तर मनाई हुकूम लागतो आणि तो कोर्टच देतं. तिथे मध्यस्थीची वाट पाहू नये. सातबाऱ्यावरचं नावच चुकीचं असेल, तरी बहुधा दावाच बरा. मात्र खालचा निकाल लागला की संपलं असं नसतं; आमच्याकडे पुढे परभणीला अपील, मग संभाजीनगरचं खंडपीठ.

मला खटकलं ते वेगळंच. आमचं भांडण पाण्याच्या पाळीचं होतं. लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. दिवसाचं पाणी भाऊ घ्यायचा, रात्री बॅटरी घेऊन हरभऱ्यात मी. दाव्यात मात्र लिहिलं गेलं 'विहिरीत निम्मा हिस्सा'. हिस्सा त्याने तोंडाने कधी नाकारला नव्हता, पण कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या त्याच्या लेखी उत्तरात, तोही नाकारला गेला. मग फेरफार, आजोबांच्या वेळचं वाटणीपत्र, सगळं कोर्टापुढे आलं. थंडीत रात्री दोनला मोटर कोणी चालू करायची, हे चार वर्षांत कुणी विचारलं नाही. न्यायाधीशांचा दोष नाही, दाव्यात मागितलं त्यावरच निकाल देता येतो.

मध्यस्थीला कोर्टानेच पाठवलं, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 89 खाली. मध्यस्थबाईंनी आधी वेगवेगळं ऐकलं, मग एकत्र बसवलं. मी म्हणालो, रात्रीचं पाणी जड जातं. भाऊ खाली बघत म्हणाला, "दादा, शुगर झाल्यापासून मला रात्री नीट दिसत नाही. तू कधी विचारलंस का?" तिसऱ्या बैठकीत कागद झाला: दिवसाच्या आठवड्यात तीन-तीन दिवस दोघांना, रात्रीच्या आठवड्यात दोन्ही वावरांना पाणी माझा मुलगा देईल, त्या बदल्यात मोटर जळाली तर तिचं वायंडिंग पुन्हा भरून घ्यायचा खर्च भावाचा. त्या कागदावर कोर्टाचा हुकूमनामा झाला. मध्यस्थीला पैसे पडले नाहीत, वर कोर्ट फी परत मिळाली.

गावच्या बैठकीतही आधी एकदा मिटलं होतं, पण त्या कागदाला जोर नव्हता. पेरणीपर्यंत टिकलं नाही. लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, हे चांगलं. पण एका दिवसात ढीगभर प्रकरणं. बँकेच्या थकबाकीला ठीक, भाऊबंदकीला निवांत ऐकणारं माणूस लागतं.

समोरचा नुसता वेळ काढेल ही भीती मलाही होती. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात 120 दिवसांची मुदत आहे, दोघांच्या संमतीने आणखी 60. नाही जमलं तर दावा पुन्हा चालू होतो आणि मध्यस्थापुढे बोललेलं पुराव्यात वापरता येत नाही. म्हणून मी तरी म्हणेन, पुढच्या तारखेला वकीलसाहेबांना मध्यस्थीचा अर्ज द्यायला सांगा. जाताना घरात जो खरंच पाणी धरतो, त्याला सोबत न्या.